शाळेच्या व्हरांड्यातले बियाणे



गेल्या खेपेला आपण हरभऱ्यावरील घाटेअळीबद्दल बोललो. आज पिकाचा विषय थोडा बाजूला ठेवून तुम्हाला एका शाळेत घेऊन जायचे आहे. "शाळेचे आम्हाला काय? ते मास्तरांचे काम," असे म्हणून पान उलटू नका. बोलणे फिरून शेतावरच येणार आहे.

माझ्याकडे असलेल्या गावांपैकी हे एक कोरडवाहू गाव. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा आणि थोडी ज्वारी. विहिरी आहेत, पण फेब्रुवारी संपला की तळ दिसू लागतो. गावात माध्यमिक विद्यालय आहे. इमारत साधी, वर पत्रे, पुढे लांब व्हरांडा. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण असे गाव तुमचेही असू शकते. या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी आणि गणिताच्या सरांनी गेल्या वर्षभरात आठवी-नववीच्या मुलांकडून जी कामे करून घेतली, ती प्रत्येक गावाने पाहावीत अशी आहेत.

बारदानावरचे शंभर दाणे

पहिले काम मार्चअखेरीस झाले. बाईंनी मुलांना सांगितले, "घरात पेरायला ठेवलेले सोयाबीन असेल तर त्यातले थोडे घेऊन या. वरवरचे आणू नका. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडे-थोडे काढा." मुलांनी कागदाच्या पुड्या आणल्या. प्रत्येक पुडीवर घरमालकाचे नाव आणि पोत्याचा क्रमांक लिहिलेला.

मग व्हरांड्यात ओली बारदाने अंथरली गेली. प्रत्येक नमुन्यातले शंभर दाणे मोजून, दहा-दहाच्या दहा ओळी करून, बोटभर अंतरावर मांडले. दाणे निवडून घ्यायचे नाहीत. हाताला येतील ते घ्यायचे. निवडलेले चांगले दाणे मांडले तर परीक्षा बियाण्याची होत नाही, डोळ्यांची होते. वरून दुसरे ओले बारदान घालून गुंडाळी केली आणि ती सावलीत ठेवली. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायची पाळी मुलांनी वाटून घेतली. बारदान ओलसर राहावे, पण पाणी साचू नये. सोयाबीन पाण्यात बुडाले की कुजते, आणि मग बियाण्याचा दोष नसताना बियाणे बदनाम होते. प्रत्येक घराचे असे तीन नमुने लावले.

सातव्या दिवशी गुंडाळ्या उघडल्या. ज्या दाण्याला सरळ, निरोगी कोंब आणि मूळ फुटले तेवढाच मोजायचा. नुसता फुगलेला, बुरशी आलेला, कोंब तुटका किंवा वाकडा असलेला दाणा मोजायचा नाही. तीन नमुन्यांची सरासरी काढली आणि शाळेच्या फळ्यावर यादी लागली.

आता ही सरासरी वाचायची कशी? सोयाबीनची उगवण शंभरात सत्तर किंवा त्याहून जास्त असेल तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. सत्तरच्या खाली असेल तर बियाणे वाढवावे लागते. गणिताच्या सरांनी त्रैराशिक मांडून दाखवले: ३० ला ७० ने गुणायचे आणि जेवढी उगवण आली तेवढ्याने भागायचे. उगवण ६० आली तर ३५ किलो. साठच्याही खाली गेली तर ते बियाणे पेरायच्या भानगडीत पडू नये. ते बाजारात घालावे.

यादीत नववीतल्या एका मुलीच्या वडिलांचे नाव होते. त्यांच्या पोत्याची उगवण निघाली बावन्न. मुलीने घरी सांगितले. वडील म्हणाले, "गेल्या साली हेच उगवलं होतं. तुमच्या बारदानात काही खोट असंल." पोरीने वाद घातला नाही. "आण्णा, तुम्हीच तुमच्या हातानं दाणे मांडा," एवढेच म्हणाली. त्यांनी घरी पडवीत, स्वतःच्या हाताने शंभर दाणे मांडले. आठवड्याने मोजले तर चोपन्न. तीन एकरांसाठी ठेवलेले बियाणे होते ते.

मंडळी, हे बियाणे रानात गेले असते तर काय झाले असते ते तुम्हाला मी सांगायला नको. शंभरातले निम्मे उगवणार, ओळी विरळ, तणाला मोकळे रान. पंधरा दिवसांनी मोडून दुबार पेरणी. त्यात बियाणे गेले, खत गेले, ट्रॅक्टरचे भाडे दोनदा द्यायचे, आणि मृगातली पेरणी गेली ती कोणत्याच दुकानात विकत मिळत नाही. सोयाबीनची पेरणी जुलैच्या मध्यापलीकडे गेली की उत्पन्न घटते, हे आपण सारे जाणतो.

पुढे काय झाले? फळ्यावरच्या यादीत ऐंशीच्या वर उगवण असलेली घरेही होती. आण्णांनी आपले पोते बाजारात घातले आणि भावकीतल्याच एका घरचे बियाणे घेतले. शेतकऱ्याने घरचे बियाणे दुसऱ्या शेतकऱ्याला द्यायला किंवा विकायला २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मोकळीक आहे. मात्र त्यावर ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही. सोयाबीनचे वाण सरळ असतात. संकरित कपाशीसारखे दरवर्षी नवे बियाणे घ्यावेच लागते असे नाही. प्रमाणित बियाणे एकदा घेतले की त्याचे घरचे बियाणे पुढे दोन वर्षे वापरता येते. पण त्याला अट एकच: उगवण तपासायची.

२०२० चा खरीप आठवा. मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपणहून त्याची दखल घेतली. बियाणे विकत घेतलेले असो वा घरचे, पेरण्याआधी शंभर दाणे मांडून पाहणारा शेतकरी त्या संकटात निदान आधी सावध होतो. सोयाबीनच्या दाण्याचे कवच पातळ, अंकुर कवचाच्या लगेच खाली. मळणीयंत्र वेगात फिरवले, पोती उंचावरून आपटली, थप्पी उंच लावली, की वरून धडधाकट दिसणारा दाणा आतून मेलेला असतो. डोळ्यांना ते कळत नाही, बारदानाला कळते.

बाटलीतला पाऊस

दुसरे काम पावसाचे. मुलांनी सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घेतली, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवला. बाटलीचा तळ खालीवर असतो म्हणून त्यात थोडे खडे आणि सिमेंट भरून तो सपाट केला. बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवली आणि बाटली मोकळ्या जागी, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, खुंटीला बांधली. रोज सकाळी साडेआठला मोजायचे, वहीत लिहायचे, बाटली रिकामी करायची. सुट्टीत शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांनी पाळी सांभाळली.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरात सुमारे चार हजार चौरस मीटर, म्हणजे एका मिलिमीटरला एकरावर चार हजार लिटर. शाळेचे छप्पर समजा दोनशे चौरस मीटरचे असेल आणि वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या छपरावरून एक लाख लिटर पाणी वाहून जाते. हे गणित मुलांनी केले तेव्हा पन्हाळी बसवायचा विषय शाळेतूनच ग्रामपंचायतीत गेला.

पण खरा उपयोग झाला जूनमध्ये. पहिल्या दोन सरी पडल्या आणि नेहमीप्रमाणे गावात तिफणी हलू लागल्या. मागचे ट्रॅक्टरवाले पुढे कधी येतील याचा भरवसा नसतो, म्हणून घाई. शाळेच्या फळ्यावर तोपर्यंतची बेरीज होती ३८ मिलिमीटर. सोयाबीनला पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा, जमिनीत ओल खोलवर जावी, मगच पेरावे, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. आमचे सांगणे सभेपुरते राहते. फळ्यावरचा आकडा मात्र पाराकडे जाताना रोज दिसत होता. त्या आकड्याने सगळे थांबले असे नाही, पण बरेचजण थांबले. फळ्यावर ऐंशी लागले तेव्हा वाफसा पाहून पेरते झाले.

एक खुलासा इथेच करतो. पीक विम्यासाठी मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा धरतात. शाळेच्या बाटलीचा आकडा तिथे चालत नाही. बाटली आपल्या शिवाराची पेर ठरवण्यासाठी आहे, भांडण्यासाठी नाही.

माती आणि पत्रिका

तिसरे काम मातीचे. २०१५ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून जमिनीची आरोग्य पत्रिका मिळते. तीत बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ती ट्रंकेत, सातबाऱ्याच्या घडीत असेल. ती वाचली किती जणांनी, हा प्रश्न मी विचारत नाही.

या योजनेत कोरडवाहू भागात दहा हेक्टरांच्या पट्ट्यातून आणि बागायतीत अडीच हेक्टरांतून एक नमुना घ्यायची पद्धत ठेवली होती. म्हणजे तुमच्या पत्रिकेवरची माती शेजाऱ्याच्या रानातलीही असू शकते. आपल्या रानाचा नेमका हिशेब हवा असेल तर आपला नमुना आपणच काढावा. रब्बीची पिके निघाल्यावर मुलांनी ते काम शिकून घेतले. सकाळी उन्हाआधी, त्या-त्या घरच्या मोठ्या माणसाबरोबर रानात जायचे. नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडायच्या. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, गुरे बसायची जागा, विहिरीची कड सोडायची. वरचा पालापाचोळा बाजूला करून वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती खुरपीने वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. सगळी माती घमेल्यात एकत्र करायची, ढीग पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. अर्धा किलो उरेपर्यंत असेच. मग सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची. खताच्या पोत्यात भरायची नाही. चिठ्ठीवर नाव, गट क्रमांक, तारीख आणि मागचे-पुढचे पीक. नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोचवायचे काम आम्ही केले.

पत्रिका आल्या आणि गणिताच्या तासाला खताच्या गोण्या आल्या. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात शंभराला ४६ नत्र, म्हणजे गोणीत वीस किलो सातशे ग्रॅम नत्र. डीएपीची गोणी ५० किलोची, त्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. पत्रिकेत स्फुरद भरपूर दाखवले असताना सवयीने डीएपी ओतायचे का, हा प्रश्न एका मुलाने घरी जेवताना विचारला. वडिलांनी दुसऱ्या दिवशी मला रस्त्यात गाठून तोच प्रश्न विचारला. तीस वर्षांच्या नोकरीत सभा घेऊन जे साधले नाही ते ताटावर साधले, म्हणून मला त्याचे अप्रूप.

"शिकायला पाठवलं, राबायला नाही"

आता दुसरी बाजू. हे सगळे गोडीगुलाबीने झाले असे समजू नका. पालकसभेत एक आजोबा उठून म्हणाले, "साहेब, आमची हयात मातीत गेली. नातू सावलीत बसून चार अक्षरं शिकावा म्हणून शाळंत घातला. तुम्ही त्याच्या हातात पुन्हा खुरपं देता व्हय?" सभेत बऱ्याच माना हलल्या.

ही तक्रार मी हसण्यावारी नेत नाही. शाळेच्या नावाखाली पोरांकडून फुकट काम करून घेणे मला मंजूर नाही आणि कोणालाच नसावे. पण राबणे आणि शिकणे यांत फरक आहे. पोराला दिवसभर खुरपायला लावले तर ते राबणे. शंभर दाणे मांडून, मोजून, सरासरी काढून, त्यावरून किती बियाणे लागेल ते त्याने सांगितले तर ते शिक्षण. बाईंनी त्या सभेत मुलांच्या वह्या पालकांच्या हातात दिल्या. शेकडेवारी, सरासरी, त्रैराशिक, क्षेत्रफळ, बीजाचे अंकुरण, मातीचे घटक: सगळे त्यात होते. आजोबांनी वही उलटसुलट पाहिली आणि नातवाला म्हणाले, "आमच्या पोत्याचं किती आलं ते सांग बरं."

तरीही शाळेने काही नियम लिहून लावले, ते मला फार योग्य वाटले. आठवड्यातून दोन तासांपेक्षा जास्त वेळ नाही. परीक्षेच्या आधीचा महिना पूर्ण मोकळा. बुरशीनाशक किंवा कोणतेही औषध मुलांच्या हाती द्यायचे नाही. बीजप्रक्रिया घरच्या मोठ्या माणसाने करायची, मुलाने फक्त आधी बुरशीनाशक, मग जिवाणू खत आणि मग सावलीत सुकवणे हा क्रम सांगायचा. विहिरीची पातळी मोजायची ती कठडा असलेल्याच विहिरीची आणि शिक्षक सोबत असतील तेव्हाच. आणि मुलींना केवळ झाडलोट, मुलांना मोजमाप, अशी वाटणी करायची नाही.

या शेवटच्या नियमाचे फळ १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दिसले. विहिरींच्या पातळीचा आणि पावसाचा तक्ता वाचून दाखवायला उभी राहिली ती बावन्न उगवणीच्या घरची मुलगी. आवाज आधी कापत होता. मग एकाने विचारले, "आमच्या मळ्याच्या विहिरीचं काय?" तिने वही न बघता आकडा सांगितला. त्या ग्रामसभेत उन्हाळी पिकाला किती पाणी पुरेल यावर पहिल्यांदाच आकडे धरून चर्चा झाली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत घालून दिली, तिचीच ही लहानशी सुरुवात म्हणा.

हे नवे नाही

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यात काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून 'कमवा आणि शिका' हे शब्द आपल्या कानावर आहेत. वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले ही गोष्ट तुमच्या आजोबांना ठाऊक होती. पुढे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले. कोरडवाहू, माळरानाचे गाव. तिथे त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करत शिकावे, शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य अशा सगळ्या कामांना हात लावावा आणि ते काम गावाच्या उपयोगी पडावे, अशी त्यांची योजना. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, पण त्यांचा हा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांनी उचलला. गावाच्या गरजा हाच धडा, असा त्यामागचा विचार होता.

तुमच्या गावात करायचे तर

खर्चाची बाब मोठी नाही. बारदान, बाटली, खुरपी, कापडी पिशव्या आणि एक मोठी वही. खरी गरज आहे तुमच्या सहकाराची. शाळा व्यवस्थापनाच्या बैठकीला जा. मुख्याध्यापकांना सांगा की आमचे बियाणे तपासायला आमची हरकत नाही. मार्चअखेरीस सोयाबीन लावा, म्हणजे बियाणे बदलायला दोन महिने हातात राहतात. सप्टेंबरअखेरीस हरभरा, गहू आणि ज्वारी लावा. हरभरा आणि गव्हाची उगवण किमान ८५ हवी, ज्वारीची ७५. तुमच्या भागातल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला बोलवा. तो आला नाही तर पंचायत समितीत येऊन विचारा.

आणि एक विनंती पालकांना. पोराने घरी येऊन सांगितले की आपले बियाणे चालणार नाही, तर त्याच्यावर खेकसू नका. मोठ्या माणसाला त्याची चूक दाखवायला पोराला किती धीर गोळा करावा लागतो ते आठवा. खात्री नसेल तर आण्णांसारखे आपल्या हाताने शंभर दाणे मांडा. पोर चुकले असेल तर आठवड्यात कळेल, आणि बरोबर असेल तर तुमची पेरणी वाचेल.

त्या शाळेत या मार्चमध्ये पुन्हा बारदाने अंथरली जाणार आहेत. या वर्षी शेजारच्या दोन वाड्यांनीही पुड्या पाठवतो म्हणून निरोप दिला आहे. तुमच्या घरात पेरायला ठेवलेले पोते असेल तर आजच त्यावर क्रमांक घालून ठेवा.

पुढच्या अंकात उन्हाळी भुईमुगाच्या पाण्याच्या पाळ्यांबद्दल बोलू. तोवर रामराम.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी